अडकित्त्याची बाजू

माझ्या भावाच्या सिनेमात एका नवरीचं बोट कापलं जातं. ते बोट आईनं केलं होतं. घट्ट मळलेल्या कणकेची बोटाएवढी वळी, टोकाला नखासारखी चिकटवलेली लसणाची साल आणि आत कुंकवाच्या पाण्यात भिजवलेला कापूस. "आक्का, आई लई हसून राहिली," असं भाऊ फोनवर सांगत होता आणि मागून खरंच तिचं हसू ऐकू येत होतं. मी नांदेडला माझ्या स्वयंपाकघरात भाजी चिरत उभी होते. मीही हसले.

भावाचा चाकूरला छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई संपली की कॅमेरा, दिवे आणि तो, सगळेच रिकामे. अशाच एका रिकाम्या मोसमात त्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी यूट्यूबवर टाकायला भुताचा सिनेमा काढला. गोष्ट साधी होती. एका जुन्या अडकित्त्यात एका बाईचा जीव अडकलेला असतो. ज्या घरात तो अडकित्ता जातो त्या घरातल्या माणसांची आधी बोटं जातात, मग माणसं.

अडकित्ता शोधायला त्याला कुठं जावं लागलं नाही. आमच्या घरात होताच. आईचं माहेर देगलूरचं. तिच्या अव्वानं, म्हणजे तिच्या आजीनं, तो तिला लग्नात दिला होता. पितळेचा मोर, पोटाखाली पोलादी पातं, आणि मोराच्या डोळ्याच्या जागी आरपार भोक. आई त्याला अजून देगलूरकडच्या शब्दानं अडकत्तरी म्हणते आणि 'तो' न म्हणता 'ती' म्हणते. आमच्या गल्लीत कुणाच्या मुलीचं लग्न जमलं की सुपारी फोडायला आईला बोलावणं यायचं, वडील गेल्यानंतरही. तिच्या हातानं फुटलेल्या सुपारीचं लग्न मोडत नाही, असं बायका म्हणायच्या. ते कुणी सुरू केलं ते मला ठाऊक नाही. आई नुसती जायची, सुपारी फोडायची, साखर खाऊन परत यायची.

सिनेमातल्या भुतासाठी भावाच्या एका मित्रानं गंगावन लावलं आणि तोंडाला पीठ फासलं. पण त्याचे हात राठ, केसाळ. अडकित्ता चालवतानाचे हात बाईचेच पाहिजेत म्हणून भावानं आईला बसवलं. "चेहरा नको रे लेका," आई म्हणाली, "लोक हसतील." म्हणून नुसते हात घेतले. सिनेमापुरत्या घातलेल्या हिरव्या बांगड्या, डाव्या मनगटावर गोंदलेली तुळस. दिवे भाड्यानं आणणं परवडत नव्हतं, त्यामुळं खिडक्यांना घोंगड्या लावून भर दुपारी रात्र केली होती. अडकित्ता आपोआप उघडतो हे दाखवायला मोराच्या डोळ्यातून मासे धरायचा नायलॉनचा तंगूस ओवला होता. आणि त्या तंगुसाचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं? शेजारच्या काकांच्या. ते एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले. "माझा हात हालत न्हाई," असं म्हणत ते दाराआड बसून हळूहळू दोरा ओढत होते. निम्मी गल्ली दारात उभी राहून बघत होती. तोंडाला पदर लावून हसत होती.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगते, की पुढं जे झालं ते याच माणसांनी केलं.

सिनेमा मी नांदेडला मोबाइलवर पाहिला. मुलगी झोपली होती, दुपार होती, खाली भाजीवाला ओरडत होता. सगळं मला आधीच माहीत होतं. मग ते हात आले. मला न्हाऊ घालणारे, माझी वेणी घालणारे हात. ते एका मुलीचं बोट धरून शांतपणे पात्याखाली ठेवत होते. कट्. मी मोबाइल पालथा ठेवला. मग स्वतःवरच हसले आणि भावाला फोन केला, "लई भारी झालंय रे."

सिनेमा चालला. चाकूर, अहमदपूर, उदगीर, पार देगलूरपर्यंत लोकांच्या मोबाइलवर फिरला. भाव्याला, म्हणजे आम्ही भावाला लाडानं तसंच म्हणतो, लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, "पुढचा भाग कवा?"

तो चालत असतानाच शेजारचे काका गेले.

दुपारी जेवून झोपले आणि उठलेच नाहीत. जेवण झालं की आमच्या आणि त्यांच्या अंगणामधल्या बुटक्या भिंतीवरून ते हात पुढं करायचे आणि आई त्यांच्या तळहातावर सुपारीचं खांड ठेवायची. कित्येक वर्षांची ही रीत. त्या दिवशीही ठेवलं होतं. आईनंच हे सगळ्यांना सांगितलं, रडत रडत, "आत्ता तर माझ्याकडनं सुपारी नेली की हो."

तिचं ते वाक्य बायकांनी उचललं.

तेराव्याला आई नेहमीप्रमाणं मदतीला गेली आणि विड्यांच्या ताटाशी बसली. काकांची सून आली, ताट उचललं आणि म्हणाली, "काकू, तुमी नका हात लावू." आईला वाटलं, आपण दमलेल्या दिसतो म्हणून ही काळजीनं म्हणते. ती म्हणाली, "आगं, मला काय झालंय? मी करते की." सून म्हणाली, "तुमाला न्हाई, आमाला व्हईल." आई मला हे फोनवर सांगत होती तेव्हा तिचा आवाज रडवेला नव्हता. नुसता गोंधळलेला होता. एखादी ओळखीची वाट अचानक बंद दिसल्यावर माणूस थांबतो, तसा.

मी म्हणाले, "जाऊ दे आई. सासरा गेलाय तिचा. तोंडातून निघालं असंल."

मग गल्लीतल्याच एका मुलीचं लग्न जमलं. आईनं रेशमी लुगडं नेसलं, अडकित्ता फडक्यात गुंडाळला आणि गेली. तिथं पाटावर एक नवाकोरा स्टीलचा अडकित्ता ठेवला होता, दुकानाची चिठ्ठीसुद्धा काढली नव्हती. मुलीची आई तिला म्हणाली, "वैनी, तुमी बसा, जेवून जा." आई बसली. जेवली. फडकं मांडीखाली दाबून ठेवलं आणि जेवली. हे मला भावानं सांगितलं, कारण फोटो काढायला तोच होता. "आक्का, मी कॅमेऱ्यातून बगून राहिलो होतो," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

दिवाळीच्या आधी मी चाकूरला गेले. शाळेला चार दिवस जोडून सुट्टी होती. मी नांदेडला एका खासगी शाळेत शिकवते, नवरा ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. मी पोचले त्याच दिवशी संध्याकाळी गल्लीतल्या बायका आमच्या घरी आल्या. ओळखीच्या सगळ्या. वडील लातूरला दवाखान्यात होते, त्यांची किडनी गेली होती, तेव्हा याच बायका आम्हाला भाकरी करून द्यायच्या. त्या आत आल्या, सतरंजीवर बसल्या आणि चहा नको म्हणाल्या. इथंच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

"वैनी, राग नका मानू," त्यांच्यातली सगळ्यांत मोठी बाई म्हणाली, "पण ते जुनं लोखंड घरात कामून ठेवायचं? तुमची लेक नांदेडला राहती. गोदावरीत सोडून द्या. सगळ्यांचंच भलं हाय."

"आहो, ते सिनेमातलं हाय," मी म्हणाले. "तुम्ही इथंच उभ्या होतात. काकांनी दोरा ओढला होता. तुम्ही बघितलंय."

"त्यानीच ओढला अन् तेच गेले," दुसरी हळूच म्हणाली.

आणि मग तिसरीनं, जिनं वडिलांच्या वेळी मला पोटाशी धरलं होतं तिनं, अगदी मायेनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमचे मालक बी जेवल्यावर सुपारी खायचे न वैनी? तवा आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई."

मी उठून उभी राहिले. मला त्यांना घरातून जा म्हणायचं होतं, पण मी आईकडं बघितलं. आई बसूनच होती. ती त्या बाईच्या तोंडाकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती खरंच विचारात पडल्यासारखी दिसत होती. त्या क्षणी मला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटली असेल, तर याची. आईलाही हे खरं वाटायला लागलं तर?

त्या गेल्यावर आईनं अडकित्ता ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला. "सोड बाई गोदावरीत. एवढ्याशा लोखंडापायी गल्लीशी वाकडं कशाला घ्यायचं." भाऊ दारात उभा होता. त्याचं तोंड उतरलं होतं. त्याच्या हातातला मोबाइल सारखा वाजत होता आणि त्याच्यावर लोक विचारत होते, भाग दोन कधी.

परतीच्या बसमध्ये पिशवी मी मांडीवर घेऊन बसले. लोहा गाव मागं पडल्यावर शेजारच्या बाईनं विचारलं, "पिशवीत काय हाय, एवढी धरून बसलाव?" मी म्हणाले, "माहेरचं हाय."

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तोही चिडला. "काय अडाणी लोक आहेत," म्हणाला. मग त्यानं विचारलं, "कुठाय तो?" मी पिशवीतून काढून डायनिंग टेबलावर ठेवला. तो दोन पावलं मागं सरकला. माझ्या डोळ्यांदेखत. आणि म्हणाला, "इथं नको ठेवू. गॅलरीत ठेव, कुंडीच्या मागं. उद्या सोडूनच टाक नदीत."

"अहो, तुम्ही मुलांना विज्ञान शिकवता."

"शिकवतो गं. पण घरात लेकरू आहे न आपल्या."

मी त्याच्याकडं बघत राहिले. आमच्या लग्नात कुंडली नको म्हणून स्वतःच्या वडिलांशी भांडलेला माणूस. तो काही वाईट माणूस नाही, आजही नाही. पण त्या दिवशी त्याच्या मागं सरकण्यानं माझ्या पायाखालचं काही तरी सरकलं. गल्लीतल्या बायका अडाणी म्हणून सोडून देता येत होत्या. आता कुणाला काय म्हणू?

सकाळी शाळेत जायच्या आधी मी घाटावर गेले. ऊन कोवळं होतं, माणसं आंघोळी करत होती, कुणी निर्माल्य सोडत होतं. पायरीवर बसून मी अडकित्ता बाहेर काढला आणि उगाच एकदा उघडून मिटला. कट्. पात्याच्या सांध्यात सुपारीचा काळपट चुरा बसलेला होता. त्याला आईच्या डब्याचा वास होता, सुपारीचा आणि लवंगेचा. मी तो परत गुंडाळला आणि रिक्षा करून शाळेत गेले. दिवसभर वर्गात माझ्या पर्समध्ये तो होता आणि कुणाला काही झालं नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"सोडलीस का?"

"न्हाई."

ती म्हणाली, "बरं केलंस. आता आसं कर, दिवाळीला येताना घेऊन ये. मी सांगितलंय त्याला, भाग दोन करायचा. गोष्ट मी सांगणार हाय."

"तू? कसली गोष्ट?"

"तिची बाजू कुणी ऐकलीच न्हाई न."

"कुणाची बाजू आई?"

"अडकत्तरीची."

मला वाटलं, आईला धक्का बसलाय, ती काही तरी बोलून राहिलीय. पण दिवाळीत गेले तर घरात खिडक्यांना घोंगड्या लागलेल्या होत्या आणि आई भावाशी वाद घालत बसली होती. तिची गोष्ट अशी होती: अडकित्त्यातल्या बाईनं कधीच कुणाला मारलं नव्हतं. घरात कुणावर संकट यायचं असलं की ती अडकित्ता वाजवून सावध करायची. बोटं कापणारा नवरदेवाचा मामा होता, अंगठ्यांसाठी. आणि दोष मात्र अडकित्त्यावर गेला.

"आई, भूत चांगलं निघालं तर बगणार कोण?" भाऊ म्हणत होता.

"बगतील. न बगायला काय झालं?"

"लोकाला भ्यायचं असतंय आई."

"मग मामाला भ्या म्हणावं."

या वेळी तिनं चेहराही दाखवायचं ठरवलं होतं. नवरी म्हणून लातूरहून एक मुलगी आली होती. कॉलेजात शिकणारी, नाट्यस्पर्धेत बक्षिसं मिळवलेली, चुणचुणीत. आल्या आल्या आईच्या पाया पडली. पहिले प्रसंग झकास झाले. गल्लीतलं कुणी बघायला आलं नाही, तेवढं सोडलं तर मागच्यासारखंच वातावरण होतं.

मग तो प्रसंग आला. आई सुपारी कातरते, नवरीच्या हातावर ठेवते, नवरी तोंडात टाकते. एवढंच. पहिल्यांदा मुलीनं खांड मुठीतच ठेवलं आणि नुसता हात तोंडाशी नेला. भाऊ म्हणाला, दिसतंय, परत करू. परत तेच. आणखी एकदा तेच. मग ती म्हणाली, "सॉरी, मला सुपारीची ॲलर्जी आहे." भाऊ म्हणाला, ठीक आहे, जेवणाची सुट्टी. मी हात धुवायला मागच्या दाराशी गेले तर ती मोरीपाशी उभी होती. खांड तिनं नालीत टाकलं होतं आणि साबणानं हात धूत होती. एकदा धुतला, वास घेतला, परत धुतला. मी तिथंच थबकले. तिनं मला बघितलं आणि तिचं तोंड रडवेलं झालं. "ताई, मला माहितीय काही नसतं," ती म्हणाली, "पण आमच्या होस्टेलवर सगळ्या म्हणत होत्या, काही खाऊ नको तिथं."

मी आईला यातलं काही सांगितलं नाही. भावाला बाजूला घेऊन सांगितलं. तो डोकं धरून बसला. शेवटी तिची साडी मी नेसले. सिनेमात सुपारी घेणारा हात माझा आहे आणि चावणारे ओठही माझेच. नीट बघितलं तर नवरी त्या एका क्षणापुरती बरीच वयस्कर दिसते.

आईचा शेवटचा प्रसंग दुपारी घेतला. तिला दोन वाक्यं दिली होती, पाठ करून ती बसली होती. भावानं सुरू कर म्हटलं. आईनं अडकित्ता खाली ठेवला, दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर उलटे-सुलटे करून दाखवले आणि दिलेली वाक्यं सोडून भलतंच बोलायला लागली.

"हे हात बगा. ह्या हातानं तुमच्या लेकींच्या सुपाऱ्या फोडल्या. तुमच्या बाळंतिणींना शेकलं. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घातलं. तवा हे हात तुमाला भुताचे न्हाई वाटले. आता काय झालं? दाराआडून दोरा ओढला अन् तुमी भ्यालाव? तुमी दारात उभ्या राहून बगितलं न गं? हासलाव न? मग मला येऊन कामून सांगता, तुझा मालक तूच मारला म्हणून?"

ती थांबली. कॅमेरा चालूच होता, कारण 'कट' म्हणायचं भावाला सुचलं नाही. लातूरची मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. आईला एवढं सलग बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. वडिलांच्या तेराव्यालासुद्धा नाही.

"झालं का?" आई म्हणाली. "चहा ठेवू?"

सिनेमा पुरा झाल्यावर भावानं तो आधी गावात दाखवायचं ठरवलं. ज्या मंगल कार्यालयात तो लग्नाचे फोटो काढतो तिथलं अंगण मिळालं. दिवेलागणीला पांढरी चादर बांधली, मागून आणलेला प्रोजेक्टर लावला. मी मुलीला घेऊन नांदेडहून आले. नवराही आला. आम्हाला वाटलं होतं, गल्लीतून कुणी येणार नाही. सगळी गल्ली आली. ज्या बायका सतरंजीवर बसून चहा नको म्हणाल्या होत्या त्या पुढच्या रांगेत. काकांची बायको, आमची शेजारची काकू, सुनेबरोबर अगदी मागं.

आईचं बोलणं आलं. मी चादरीकडं बघत नव्हते, पाठमोऱ्या डोक्यांकडं बघत होते. एकीनं पदर डोळ्याला लावला. सतरंजीवरल्या त्या तिसरीनं मान खाली घातली. आई माझ्या शेजारी बसली होती, ताठ. चादर काळी झाली. मला वाटलं संपलं. मी आईचा हात धरला.

आणि त्या काळ्यातून आवाज आला. कट्.

चादरीवर अडकित्ता आला. एकटाच, पाटावर. तो हळूहळू आपोआप उघडला, मोर आमच्याकडं वळला आणि पात्यावरून एक लाल थेंब खाली पडला. अंगणात किंकाळ्या फुटल्या. मग शिट्ट्या आणि टाळ्या. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. आत्ताच डोळे पुसणाऱ्या बाईनं शेजारणीला कोपर मारलं आणि म्हणाली, "म्हणलं नव्हतं का मी?"

आईनं माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. मी वळून भावाकडं बघितलं. तो लॅपटॉपच्या मागं उभा होता आणि लोकांच्या टाळ्यांनी त्याच्या चेहऱ्यावर आलेलं हसू अजून जायचं होतं. त्यानं आम्हाला बघितलं आणि ते गेलं. "आक्का, शेवटी एक झटका लागतोच," तो पुटपुटला. "न्हाईतर भाग तीनला कोण थांबंल?"

आई उठली. माणसांमधून वाट काढत पुढं गेली आणि चादरीसमोर उभी राहिली. प्रोजेक्टरचा उजेड तिच्या तोंडावर पडला. डोळे बारीक करत ती म्हणाली, "अडकत्तरी आण."

भाऊ हलला नाही. "आण म्हणते न," ती म्हणाली. त्यानं बॅगेतून काढून दिला. मोराच्या डोळ्यातून ओवलेला तंगूस अजून तसाच लोंबत होता. आईनं तो बोटांत धरून वर केला, सगळ्यांना दाखवला आणि दातानं तोडला.

"हे बगा तुमचं भूत," ती म्हणाली आणि तो तुकडा पुढच्या रांगेत टाकला. बायका पाय आखडून मागं सरकल्या. नायलॉनच्या दोऱ्याला.

मग तिनं कमरेच्या पिशवीतून सुपारी काढली, कातरली आणि खांड तळहातावर ठेवून हात पुढं केला. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. कुणी येईना. मला जायचं होतं, पण मी लेक होते, माझ्या घेण्याला काही किंमत नव्हती. मी नवऱ्याकडं बघितलं. तो मोबाइलमध्ये काही तरी शोधत होता. आई बराच वेळ तशीच उभी राहिली. नंतर तिनं ते खांड स्वतःच्या तोंडात टाकलं, हात पदराला पुसला आणि घरी चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ तिच्यासमोर बसला. "आई, तो शेवट काढून टाकतो." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लोकाला तेवढाच आवडला." ती रागावून बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं. त्यानं तो शेवट काढलाच, आणि आईच्या बोलण्यावर संपणारा सिनेमा यूट्यूबवर टाकला. तो पहिल्याएवढा चालला नाही. पण आता आईला रस्त्यात लोक थांबवतात, फोटो काढतात. लग्न जमलं की बोलावणंही यायला लागलंय, अडकित्त्यासकट, रील काढायला. ती जात नाही.

मी नांदेडला परत निघायच्या आदल्या दुपारी शेजारची काकू आली. भिंतीवरून नाही, दारातून. आई गहू निवडत होती, मी मुलीला भरवत होते. काकू उंबऱ्यापाशीच बसली आणि म्हणाली, "वैनी, एक सांगायचं हाय."

"सांगा की."

"त्या दिवशी ह्यांनी तुमची सुपारी खाल्लीच नव्हती."

आईचा हात थांबला.

"दाढ दुखत होती त्यांची. कपडे धुवायला काढले तवा सदऱ्याच्या खिशात सापडली. तशीच. कातरलेली."

"मग बोलल्या का न्हाईत?" माझ्याच तोंडून निघालं.

काकूनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती आईशी बोलत होती. "आदल्या दिवशीपसनं त्यांच्या छातीत दुखून राहिलं होतं. मला म्हणले होते. मी म्हणले, ग्यास असंल, ओवा खा. ओवा दिला अन् कामाला लागले. लोक मला म्हणले असते, नवऱ्याला दवाखान्यात कामून नेलं न्हाई. सून म्हणाली अडकित्त्यानं नेलं, अन् मी गप बसले. तुमच्यावर गेलं, मला बरं वाटलं वैनी."

इतके दिवस मला वाटत होतं की त्या सगळ्यांना खरंच भीती वाटते. निदान भीती खरी आहे. आणि या बाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आईनं सूप बाजूला ठेवलं. "ऊठ," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की मला आधी कळलंच नाही. "माज्या दारातनं ऊठ."

काकू उठली नाही. तिथंच बसून राहिली, मांडीवर हात ठेवून. आईच उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती ओट्याला धरून उभी होती, पाठ माझ्याकडं. मला वाटलं रडतेय. मी खांद्यावर हात ठेवला तर ती कोरड्या डोळ्यांनी फडताळातल्या डब्यांकडं बघत होती.

"मी बी ओवाच दिला असता," ती म्हणाली.

"मग तसं सांग की तिला."

"न्हाई सांगत." तिनं एक डबा सरळ करून ठेवला. "आज तर न्हाईच सांगत."

ऊन उतरेपर्यंत काकू उंबऱ्यात बसून होती. मग केव्हा तरी उठून गेली. आई बाहेर आली आणि राहिलेला गहू निवडायला बसली.

संक्रांतीनंतर एकदा फोनवर आई म्हणाली, शेजारणीला घेऊन लातूरला डोळे दाखवायला गेले होते, तिला मोतीबिंदू हाय. मी विचारलं, "सांगितलंस का मग तिला? ओव्याचं?"

"सांगितलं की. बसमधी."

"मग?"

"लई रडली. कंडक्टर बगून राहिला होता." आणि मग नातीला फोन दे म्हणाली.